डावीकडचं लिंबू

गेल्या वर्षी दसऱ्याला आम्ही माझ्या गाडीच्या चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि मी गाडी हळूच पुढे घेतली. तीन लिंबं रीतसर चिरडली. पुढच्या डाव्या चाकाखालचं मात्र ओल्या साबणासारखं सटकलं आणि पार्किंगच्या खांबावर जाऊन आदळलं. अख्खंच्या अख्खं. मुलाने दुसरं ठेवलं. तेही सटकलं. सुनेचा चेहरा उतरला. सोसायटीचे सेक्रेटरी पेढ्याच्या आशेने उभे होते, ते म्हणाले की हे लक्षण काही बरं नाही. मग आम्ही गाडीवरून एक जास्तीचा नारळ ओवाळून फोडला आणि सेक्रेटरींना दोन पेढे दिले.

आम्ही म्हणजे कोण, तर फिजिक्सची एक बी.एस्सी. आणि दोन इंजिनिअर. तिघांपैकी एकालाही खाली वाकून ते चाक बघावंसं वाटलं नाही. लिंबू सटकतं म्हणजे टायर जमिनीवर सपाट टेकत नाही, एवढी साधी गोष्ट. ते लिंबू बिचारं वर्षभर आधी सांगत होतं. आम्ही त्याच्या तोंडात नारळ कोंबला.

मी डोंबिवली पूर्वेला राहते, एकटी, वय बहात्तर. गाडी नवऱ्याची. तो गेला, गाडी राहिली. छोटी, चंदेरी, पंधरा वर्षांची. मुलगा ठाण्याला घोडबंदरच्या बाजूला एकविसाव्या मजल्यावर राहतो आणि दर रविवारी बायकोला घेऊन येतो. त्याची स्वतःची गाडी एवढी मोठी आहे की आमच्या गल्लीत शिरताना तीच घाबरते. म्हणून ती सोसायटीत उभी करून, बाजारात, हॉटेलात, मित्राकडे जायला तो माझी गाडी नेतो. त्याच्या गाडीला ओरखडा पडायला नको. माझ्या गाडीला पडला तर चालतो.

मला गाडी लागते ती गुरुवारी. धाकटी बहीण टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहते. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत आणि दर गुरुवारी तिला कल्याणला व्यायामाला न्यावं लागतं. ती रिक्षात बसायला घाबरते, आणि टिटवाळ्याच्या रस्त्यांवर रिक्षा कशी उडते ते पाहिलं तर मी तिला दोष देणार नाही. तेव्हा ती किल्ली म्हणजे माझं हिंडणं आणि तिचं चालणं, दोन्ही. मुलगा त्या किल्लीला "आईचा छंद" म्हणतो.

पाऊस सुरू झाला तशी गाडी डावीकडे जायला लागली. आधी थोडी, मग जास्त. ब्रेक दाबला की अजून जास्त. स्टिअरिंग सतत उजवीकडे धरून ठेवावं लागायचं. मी दोनदा अलाइनमेंट करून घेतली. म्हणजे मशीनवर चारही चाकं एका रेषेत आणून घेतली. पंधरा दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. आणि गणपतीत, सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना, कोणाचं तरी मांजर आडवं आलं, मी ब्रेक दाबला, आणि गाडीचं डावं दार फाटकाच्या खांबाला घासलं. मांजर वाचलं. मी लिफ्टने वर पोचायच्या आत सेक्रेटरींनी कॅमेऱ्याची क्लिप मुलाला पाठवलेली होती.

रविवारी मुलगा ती क्लिप घेऊन आला. टीव्हीवर लावली. मोठ्या पडद्यावर मी खांबाकडे जाताना फार ठाम दिसते.

"तू सरळ येतेयस आणि एकदम डावीकडे जातेस," तो म्हणाला. "बघ."

"गाडी जाते."

"गाडी चालवतं कोण?"

"गाडी ओढतेय रे. माझा हात नाही तो."

त्याने माझ्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी गॅलरीत कपडे वाळत घालताना पडून मी ते मोडून घेतलं होतं. आत स्टीलची पट्टी आहे. कणीक मळताना आजही ते मनगट मला सांगतं की पुरे कर. मुलगा बोलला काहीच नाही, नुसता पाहत राहिला. बोलला असता तर भांडता आलं असतं. सुनेने मधाळ आवाजात सांगितलं की आई, तुम्ही हवी तेव्हा ॲपवरून गाडी बोलवा, आम्ही आहोत ना. मग मुलाने निकाल दिला. दसऱ्याला शेवटची पूजा, त्यानंतर किल्ली त्याच्याकडे. दुसरी किल्ली त्याने त्याच दिवशी खिशात टाकली.

मी त्याला नाही नाही ते बोलले. ते इथे लिहीत नाही, कारण नातवंडं वाचतील. पण ती दोघं गेल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले, ते रागाने नाही. "गाडी ओढतेय, माझा हात नाही" हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. शब्दाला शब्द. फक्त तेव्हा ते मी म्हटलेलं नव्हतं.

लग्न झाल्यावर आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहायचो. दोन खोल्या, पाच माणसं आणि सासऱ्यांची स्कूटर. सासरे रिटायर झालेले. रोज सकाळी स्कूटर पुसायची, तलावपाळीला एक चक्कर मारायची, येताना भाजी आणायची, हा त्यांचा दिवस. आणि त्या घरात नवीन आलेली एक सूनबाई. तिची काय सांगू मी तुम्हाला. बी.एस्सी. फिजिक्स, सेकंड क्लास. सेकंड क्लास होता हे ती कोणाला सांगत नसे, फिजिक्स मात्र सगळ्यांना सांगायची. कुकरच्या शिट्टीपासून पंख्याच्या घरघरीपर्यंत सगळ्याचं कारण तिला ठाऊक. वेणी घट्ट, मत त्याहून घट्ट. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी तिचा कान पिरगाळून तिला घरी पाठवीन.

सासऱ्यांची स्कूटर उजवीकडे जायला लागली. ते म्हणायचे, "अगं सूनबाई, हँडल ओढतंय. माझा हात नाही." नवरात्राच्या दिवसांत नाक्यावर मंडप घातला होता, गर्दी होती, आणि ते मंडपाच्या बांबूला धडकले. लागलं काही नाही. कोपर खरचटलं, भेंडी रस्त्यावर सांडली. लोकांनी वेचून दिली. पण सूनबाईंनी त्यांना घरात समोर बसवून हात पुढे करायला लावला. हात थोडा थरथरला. कोणाचा नाही थरथरणार, सुनेने असं समोर बसवून तपासायला घेतलं तर. तिने सिद्धांत मांडला. स्कूटर निर्जीव आहे, तिला डावं-उजवं कळत नाही, म्हणजे दोष चालवणाऱ्यात. नवऱ्याला तिने तसं पटवलं, आणि किल्ली हळदीच्या डब्यात लपवली. महिन्याभरात स्कूटर विकली.

ज्याने घेतली तो छापखान्यात कामाला होता. पंधरा दिवसांनी तो राहिलेला कागद न्यायला आला. दारात मीच होते. तो आनंदाने सांगायला लागला की हँडलमधलं बेअरिंग झिजलं होतं, मिस्त्रीने अर्ध्या तासात बदललं, आता गाडी दोरी लावल्यासारखी सरळ जाते. आत सासरे पेपर वाचत होते. मी त्याला हळू बोलायची खूण केली, कागद दिला आणि दार लावून घेतलं.

सासऱ्यांना मी ते कधीच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्यानंतर ते भाजी आणायला चालत जायचे, मग कोपऱ्यापर्यंत, मग गॅलरीपर्यंत. गेले तेव्हा त्यांचा समज हाच होता की आपला हात गेला होता. तेव्हाच्या माझ्यावर मी पुष्कळ हसते, हसण्यासारखी होतीच ती बया. पण या एका गोष्टीवर मला अजून हसता आलेलं नाही.

तर आता ती फिजिक्सवाली बया मी कामाला लावली. म्हटलं, एवढी अक्कल होती ना तुला, दाखव.

पहिल्यांदा अलाइनमेंटवाल्याकडे गेले. स्टेशनच्या बाजूला मोठं चकचकीत दुकान आहे. त्याला सांगितलं की दोनदा करूनही गाडी डावीकडेच जाते, एकदा खालून बघ. त्याने गाडी पुन्हा मशीनवर घेतली, पडदा माझ्याकडे वळवला. सगळे आकडे हिरवे.

"मॅडम, गाडी एकदम ओके आहे," तो म्हणाला. "चालवायला घरात दुसरं कोणी नाही का?"

मी म्हटलं आहे, पण तुझ्यासारखाच आहे. तो न कळल्यासारखा हसला आणि हिरव्या आकड्यांचा कागद माझ्या हातात दिला. मुलाने माझ्याकडून त्याचा नंबर आधीच घेऊन ठेवला होता आणि लगेच फोन केला असावा, कारण घरी पोचेपर्यंत मुलाचा मेसेज आला होता: गाडी ओके आहे आई. त्या "आई"च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मी तो मेसेज असा वाचला, की गाडी ओके आहे, आईचं बघा.

पण तो हिरवा कागद घेऊन बसल्यावर मला एक गोष्ट खटकली. मशीनवर गाडी उभी असते. उभी असताना सगळेच सरळ असतात. आमचे सेक्रेटरीही नुसते उभे असले तर सज्जन वाटतात. गाडी वाकडी होते ती धावताना, ब्रेक दाबल्यावर. म्हणजे असं काहीतरी आहे जे जोर पडला की सरकतं आणि जोर गेला की जागेवर येतं. दोष माझ्या हाताचा असता तर ब्रेक दाबो न दाबो, हात सारखाच सरकला असता ना.

नवरा असताना दर रविवारी सकाळी खाली जाऊन टायरवर तळहात फिरवत बसायचा. चारही टायरवर, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. मी गॅलरीतून ओरडायचे की माझ्यावर कधी असा हात फिरवला नाहीत ते. खालचे मजले हसायचे आणि तो कान लाल करून टायर कुरवाळत बसायचा. का करतो हे मी त्याला कधी विचारलं नाही. टोमणा जमला होता ना, मग उत्तराची काय गरज.

आता मी खाली गेले, पाटावर बसले आणि तळहात फिरवला. मागचे दोन्ही टायर सारखे. पुढचा उजवाही. पुढच्या डाव्यावर हात आतून बाहेर नेला तर गुळगुळीत. बाहेरून आत आणला तर किसणी. खोबरं किसता आलं असतं. चाक सरळ न फिरता रस्त्याला घासत फिरतं तेव्हा रबर असं एका बाजूला धारेला लागतं. नवरा दर रविवारी हेच बघत होता. मग ड्रेसिंग टेबलवरचा हाताचा आरसा आणून मी टायरची आतली कड पाहिली. बाहेरून टायर धडधाकट आणि आतली कड माझ्या मामाच्या टाळूसारखी. तुळतुळीत.

मग गाडीचा एकेक कोपरा दाबून पाहिला. दोन्ही हातांनी बॉनेटच्या कडेवर भार टाकायचा आणि सोडायचं. आतला शॉकअप चांगला असेल तर गाडी एकदा वर येते आणि गप्प उभी राहते. गेलेला असेल तर नमस्कार करत राहते. मनगटाने साथ दिली नाही म्हणून मी बॉनेटच्या कडेला पाठ करून चक्क बसले आणि उठले, बसले आणि उठले. उजवीकडे गाडी गप्प. डावीकडे तिने तीन नमस्कार केले. वर पाहिलं तर सेक्रेटरी गॅलरीतून हे सगळं मोबाइलवर घेत होते. मी त्यांनाही एक नमस्कार केला. ती क्लिपसुद्धा मुलाला गेली. त्याने फोन करून विचारलं की आई, तुला बरं वाटतंय ना. मी म्हटलं तुझ्या क्लिपा जपून ठेव, मी गेल्यावर बघायला होतील. त्याने फोन ठेवला.

आणि एक गोष्ट तेव्हा दिसली. त्याच टायरच्या बाहेरच्या भिंतीवर पिवळा रंग. एक पट्टा नाही, बरेच, एकावर एक, जुने आणि नवे. आमच्या पार्किंगमध्ये पिवळं काही नाही. मी ते पाहिलं आणि, खोटं कशाला सांगू, तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही. आजी म्हणून हुशार, पण एवढीही नाही.

गुरुवारी बहिणीला कल्याणहून टिटवाळ्याला परत सोडायला निघाले. आंबिवलीच्या आधी रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे, आत जमिनीत खड्डा. गाडी वर घ्यायची आणि मिस्त्री खाली उतरून पोट बघतो, तसला जुना गॅरेजचा खड्डा. मिस्त्री माझ्याच वयाचा. बहीण म्हणाली इथे नको, माणूस तुसडा आहे, सगळ्यांवर खेकसतो. मी म्हटलं मग जमेल.

तो खरंच तुसडा होता. मी काय होतंय ते सांगायला लागले तर त्याने हात वर करून थांबवलं. "काकी, तुमी नका सांगू. गारी सांगंल." बाजूला बसायला स्टूल दिलं तेही पायाने सरकवून. मग तो गाडी घेऊन समोरच्या रस्त्यावर गेला, एकदा हळू, एकदा जोरात, दोनदा कचकन ब्रेक दाबला, आला आणि गाडी खड्ड्यावर घेऊन खाली उतरला. मी स्टुलावरून उठून खड्ड्याच्या कडेला गेले. त्याने हाकललं. मी गेले नाही. त्याने परत हाकललं. मी म्हटलं गाडी माझी आहे, तिच्या पोटात काय आहे ते मी बघणार. बहीण गाडीशेजारी काठी धरून उभी होती, ती म्हणाली की ऐका हो, ही लहानपणापासून अशीच आहे.

त्याने बॅटरीचा झोत टाकला. चाकाला गाडीच्या अंगाशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. तो जिथे जोडलेला असतो तिथे वाटीएवढं जाड रबर बसवलेलं असतं, ते बुश. मिस्त्रीने लांब दांडा तिथे अडकवून रेटला. रबर फाटलेलं होतं. दांडा रेटला की आर्म बोटभर मागे जायचा, दांडा काढला की पुन्हा जागेवर. उभ्या गाडीत हिरवा आकडा, आणि ब्रेक दाबला की चाक मागे सरकून गाडी डावीकडे. त्याने झोत वर नेला. शॉकअपवरून तेल ओघळून धूळ चिकटली होती. मग आर्मवर बोट ठेवून दाखवलं, तो आर्म थोडा वाकलेला होता.

मग तो खड्ड्यातून वर आला, हात पुसले, टायरवरच्या पिवळ्या रंगाला नख लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"फुटपाथवर गारी कोन घालतो?"

त्याच क्षणी मला उत्तर दिसलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, बाजाराकडे जाताना, फुटपाथची कड काळी-पिवळी रंगवलेली आहे. तिथे सगळे डावी दोन चाकं फुटपाथवर चढवून गाडी लावतात, म्हणजे रस्ता अडत नाही आणि कोणी हॉर्न वाजवत नाही. सगळी डोंबिवली असंच करते आणि त्याला शहाणपण म्हणते. मी तिथे कधी गाडी नेत नाही, बाजारात चालत जाते. तिथे गाडी नेतो तो एकच जण, दर रविवारी, आईची गाडी आहे म्हणून धाडकन चढवतो. स्वतःची गाडी त्याने तशी एकदाही चढवली नसती.

"माझा मुलगा," मी म्हटलं.

"मंग त्याची किल्ली काढून घ्या," तो म्हणाला आणि पान्यांची पेटी उघडली.

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण तो तुसडा होता आणि मला अजून थोडी अब्रू आहे.

दोन दिवस गाडी त्याच्याकडे राहिली, मी बहिणीकडे. आर्म बदलला, बुश बदलले, पुढचे दोन्ही शॉकअप, टायर, आणि शेवटी अलाइनमेंट. जुना फाटका बुश मी मागून घेतला. तो म्हणाला काय करनार. मी म्हटलं दसऱ्याला पूजेत ठेवणार.

मुलाला मी फोनवर काही सांगितलं नाही. त्याला समोर बसवून सांगायचं होतं, वर्षभराचं व्याजासकट. पण त्याआधी मला एक खात्री करायची होती, आणि तीच चूक झाली म्हणा किंवा बरं झालं म्हणा.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत सुट्टीच्या दिवशी सकाळी रस्ते ओस असतात. काँक्रीटचा रुंद रस्ता, दोन पट्ट्यांच्या मधोमध लांबलचक सरळ सांधा. उजवं चाक त्या सांध्यावर घेतलं, गाडी हळू चालवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून किंचित उचलले. गाडी सांधा धरून गेली. सुतासारखी. मी एकटीच मोठ्याने हसले. तेव्हाच्या सूनबाईला म्हटलं, बघ, निर्जीव वस्तू खोटं बोलत नाही, तूच मूर्ख.

मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, नेहमी धरते तसं धरून, तोच रस्ता पुन्हा केला. शेवटाला जाऊन आरशात पाहिलं. सांधा चाकाखाली नव्हता. वीतभर उजवीकडे राहिला होता. पुन्हा केलं. पुन्हा वीतभर. मनगट पुरतं वळत नाही म्हणून डावा हात स्टिअरिंगला धरत नव्हता, त्याच्यावर टांगलेला होता. ओझ्यासारखा. मी दोन वर्षं गाडी ओढत होते आणि गाडी मला ओढत होती, आणि दोघींपैकी कोणाचं किती ते कोणाला कळत नव्हतं.

मी हाताची जागा बदलली. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला, मांडीजवळ. आता सांधा चाकाखाली राहिला. दहादा केलं, आठदा राहिला. दोनदा नाही राहिला.

घरी येताना मी ठरवलं होतं की हे कोणाला सांगायचं नाही. मला लपवायची सवय आहे, हळदीचा डबा अजून आहे. बुश टेबलावर ठेवायचा, पिवळा रंग दाखवायचा आणि जिंकायचं. एवढं सोपं.

दसऱ्याला मुलगा आला, सून आली, सेक्रेटरी पेढ्याला आले. मी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि गाडी पुढे घेतली. चारही चिरडली. डावीकडचं तर असं बसलं की बिया बाहेर आल्या. सेक्रेटरी म्हणाले, दोष गेला म्हणायचा. मी बुश त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, हो, हा बघा. त्यांना वर पाठवून दिलं, सुनेला पेढे आणायला पाठवलं, आणि मुलाला फुटपाथपासून सुरुवात करून सगळं ऐकवलं. एक शब्द सोडला नाही.

तो लाल झाला. "सगळेच लावतात तिथे तशी," तो म्हणाला.

"स्वतःची लाव ना मग."

"ठीक आहे. गाडीचं माझ्यामुळे झालं. पण तुझा हात? खरं सांग आई. हात ठीक आहे?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. त्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं नाही या वेळी, तोंडाकडे पाहिलं. आणि मला का कोण जाणे, गॅलरीपर्यंत चालत जाणारा तो म्हातारा दिसला.

"बारा आणे गाडीचं होतं," मी म्हटलं. "चार आणे माझं."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. त्याने भांडणाची तयारी केली होती, ती हातातच राहिली. मग मी त्याला आजोबांच्या स्कूटरचं सांगितलं. छापखानेवाला, बेअरिंग, हळदीचा डबा. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही पार्किंगमध्ये, चिरडलेल्या लिंबांच्या वासात. तो लहान असताना आजोबा त्याला कडेवर घेऊन गॅलरीत उभे राहायचे, खालच्या स्कूटरी दाखवायचे. ते त्याला आठवत होतं.

त्याने एक चिरडलेलं लिंबू बुटाने बाजूला सारलं. मग हात पुढे केला. "किल्ली दे."

"नाही देणार," मी म्हटलं. "दर महिन्याला तो काँक्रीटचा रस्ता, तोच सांधा. तू शेजारी बसायचं आणि बघायचं. सांधा वीतभर सुटला की मीच देईन, मागावी लागणार नाही."

"आणि तू खरंच देशील?"

"आजोबांना मी एवढंसुद्धा विचारलं नव्हतं."

"म्हणजे मी तुझ्यापेक्षा बरा," तो म्हणाला.

"तेवढा आहेस. फुटपाथ सोडून."

हात त्याने खाली घेतला, पण हसला नाही. सुनेला न सांगताच तो गाडीला वळसा घालून डावीकडे बसला, बेल्ट लावला, आणि दारावरचं हँडल असं धरलं जणू मी त्याला दरीत घेऊन चालले होते. म्हणाला, "चल. आत्ताच बघू."

मी गाडी बाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी काळी-पिवळी कड आली, तिच्यावर डावी चाकं चढवून पाच-सहा गाड्या उभ्या होत्या, झेंडूच्या माळा घालून. मी त्यांच्यापासून अंतर ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून हळूच गेले. शेजारी बसलेल्या माझ्या मुलाचा उजवा पाय खाली चटईवर जोर देऊन दाबलेला होता, तिथे ब्रेक नसतो तरी. वसाहतीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याने तो उचलला नाही. मी डावा हात मांडीजवळ घेतला, उजवं चाक सांध्यावर आणलं, आणि त्याला सांगितलं की आता माझ्याकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ.